ऑयरिकने घातलेले पांढरे टाके

बुधवारी सकाळी टॉर्किल मॅकास्किल माझ्या दुकानात पँट घालून आला आणि माझ्या हातातली कात्री खाली पडली.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. पोर्ट रुआच्या धक्क्यावर अजून फेरीबोटीचे दोर सांभाळतो. लग्न झालं त्या दिवसापासून, म्हणजे गेली चौपन्न वर्षं, त्याच्या अंगावर किल्टच, म्हणजे आमच्याकडचे पुरुष कंबरेला गुंडाळतात तो गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागरा, आणि तोही एकच. कामावर जाताना वर जुना स्वेटर आणि खाली रबरी बूट. लग्नाला, बारशाला, मयताला जाताना तोच किल्ट झटकायचा, वर काळा कोट चढवायचा आणि पुढे चांदीच्या कडीचा कातडी बटवा लटकवायचा. गावातले बाकीचे पुरुष लग्नापुरता आणि नव्या वर्षापुरता किल्ट पेटीतून काढतात, फार तर रग्बीच्या सामन्याला. टॉर्किलला मात्र पँटीत पाहिल्याचं आठवणारं माणूस गावात उरलं नव्हतं. आणि आज तो मासे पकडायला जाताना घालतात ती पिवळी, छातीपर्यंत येणारी रबरी पँट घालून माझ्यासमोर उभा होता. दुकानाच्या काचेला बाहेरून चार नाकं चिकटलेली मला दिसली.

"हसून घे काय ते," तो म्हणाला, "पण लवकर आटप."

मी हसले नाही. म्हणजे, आत जाऊन हसले आणि तोंड धुऊन बाहेर आले. तोवर त्याने बगलेतली पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली होती. किल्ट पाहिला आणि माझं हसू मावळलं. धक्क्यावरच्या लोखंडी आकड्यात अडकून पुढचा पदर चांगला वीतभर फाटला होता. नुसता फाटला असता तर मी रफू केलं असतं. पण त्या पदरावर चौपन्न वर्षं दोर घासला गेला होता, खारं पाणी सुकलं होतं, ऊन तापलं होतं. सुई घालावी तर कापड जाळीसारखं सुटत होतं.

"शनिवारी लग्न आहे," टॉर्किल म्हणाला.

ते सांगायची गरज नव्हती. शनिवारी त्याच्या नातीचं, इशबेलचं लग्न. तिचा बाप, म्हणजे टॉर्किलचा मुलगा, ती सहा वर्षांची असतानाच गेला. तिला हाताला धरून चर्चमध्ये नेणार होता तो आजोबाच. मी म्हटलं, भाड्याने आणा एखादा, शहरात हवे तेवढे मिळतात, एका दिवसाचा तर प्रश्न. त्याने मान हलवली. हाच असेल तर येईन, नाहीतर पोरीला दुसरा कुणी हात धरणारा बघा. मला असा राग आला की विचारू नका. नातीच्या लग्नात असला हट्ट करायचा? मी त्याला तोंडावर सुनावलं की तुम्ही म्हातारे झालात तसे हेकट झालात.

त्याने ऐकून घेतलं. मग पिवळ्या पँटीच्या खिशात हात घालायला गेला, खिसा सापडला नाही म्हणून हात तसाच लोंबत ठेवला.

"मार्साली, पोरी," तो म्हणाला, "हा ऑयरिकने शिवलाय. त्या दिवशी तिथे तिचं जे काही असेल ते एवढंच असेल. मग ते घरी ठेवून मी दुसऱ्याचं कापड गुंडाळून जाऊ?"

ऑयरिक त्याची बायको. नऊ वर्षांपूर्वी गेली. आणि माझी गुरू. मी एकोणीस वर्षांची असताना तिच्याच हाताखाली किल्ट शिवायला शिकले. हे दुकान तिचं, टेबल तिचं, इस्त्री तिची आणि खरं सांगायचं तर माझी जीभही बरीचशी तिचीच.

मी टेप काढली आणि त्या रबरी पँटीवरूनच त्याच्या कंबरेचं माप घेतलं. सदतीस इंच. मग म्हटलं, बघते. त्याला आशा लावायची नव्हती, पण मला स्वतःला लागली होती. कारण एक उपाय होता. एकच.

किल्टला आठ वार कापड लागतं. त्यातलं पुढे दिसतं ते थोडं. बाकी सगळं मागच्या चुण्यांत दडलेलं. पुढचे पदर दोन, एकावर एक. आतल्या पदराला ना ऊन लागतं ना दोर. आणि आमचं कापड दोन्ही बाजूंनी सारखं. तेव्हा सगळी शिवण उसवायची, आठही वार मोकळे करायचे, कापडाची आतली बाजू बाहेर घ्यायची आणि पुन्हा शिवायचं. मग आतला कोरा पदर वर येतो, फाटका पदर त्याच्याखाली जातो आणि चुण्यांच्या विटलेल्या कडा आत वळतात. जुन्या बायका किल्ट असा उलटवायच्या, असं मी ऐकलं होतं. केला मात्र कधी नव्हता.

कारण एक मोठी अडचण असते. चुण्यांच्या आतलं कापड कंबरेपाशी फार जाड होतं. म्हणून शिवणारी ते आतून कापून टाकते, म्हणजे पाठ सपाट बसते. एकदा ते कापलं की किल्ट कायमचा तसाच, उलटवायचं नाव नाही. आणि हे कापायला मला शिकवलं कुणी? ऑयरिकनेच. शिकत असताना मी एकदा घाबरून कमी कापलं होतं, तर तिने तो किल्ट उचलून माझ्या डोक्यावर ठेवला होता आणि म्हणाली होती की माणसाला कंबर हवी, गादी नको. ती स्वतःच्या नवऱ्याच्या किल्टात कापड ठेवेल, हे शक्यच नव्हतं.

तरी एक गोष्ट आठवून मी तशीच उभी राहिले. टॉर्किल मागून नेहमीच जाड दिसायचा. सडपातळ माणूस, पण किल्ट घातला की कंबर उशी बांधल्यासारखी. गावात त्यावरून त्याची किती टिंगल व्हायची. मला वाटायचं, ऑयरिकचं हे तरुणपणचं काम असावं, हात बसलेला नसताना केलेलं. गुरूची चूक कशी काढायची म्हणून चाळीस वर्षं मी तोंड मिटून होते.

मी दाराला कडी घातली. बाहेरच्या चार नाकांची आता सहा झाली होती. किल्ट पालथा घातला आणि अस्तराची शिवण उसवायला घेतली. दहा टाके, वीस टाके. अस्तर सुटलं, त्याखालचा जाड पट्टा सुटला आणि मी बोटं आत घातली.

कापड होतं. सगळंच्या सगळं. ऑयरिकने कात्री लावलीच नव्हती.

मी तिथे एकटीच मोठ्याने हसायला लागले. मग पाहिलं तर आणखी काही होतं. आतल्या प्रत्येक घडीवर, अस्तराच्या मागे, पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके जोडीजोडीने घातलेले होते. एकेक करून मी जोड्या मोजल्या. सव्वीस. चुण्या सव्वीस आणि टाक्यांच्या जोड्याही सव्वीस. पण आत्ताच्या चुण्यांशी त्या जुळत नव्हत्या. डोक्यात प्रकाश पडायला मला मिनिटभर लागलं. त्या खुणा ह्या शिवणीच्या नव्हत्याच. पुढच्या शिवणीच्या होत्या. चोवीस-पंचवीस वर्षांच्या त्या पोरीने लग्नासाठी किल्ट शिवतानाच ठरवून टाकलं होतं की हा माणूस हा किल्ट रोज घालणार, झिजवणार आणि एक दिवस कुणाला तरी तो उलटवावा लागणार. त्या कुणाच्या तरी हातून चूक होऊ नये म्हणून प्रत्येक चुणी कुठे मोडायची ते लिहून ठेवल्यासारखं टाचून ठेवलं होतं.

ते कुणीतरी म्हणजे मी. भूक, चहा, सगळं विसरून मी उसवत बसले.

गुरुवारी दुपारपर्यंत आठही वार मोकळे होऊन टेबलावर पसरले होते. बुधवारी टाक्यांच्या नादात मी आतल्या रंगाकडे नीट पाहिलंच नव्हतं; आता पाहिलं आणि मला दुसरा धक्का बसला. टॉर्किलचा किल्ट आम्हा सगळ्यांना माहीत होता तो तपकिरी. चिखलाच्या रंगाचा, त्यात राखाडी चौकटी. घडीच्या आतून निघालेलं कापड मात्र लालभडक होतं. त्यात गडद हिरवं, आणि मधून हळदीसारखी पिवळी रेघ. माझ्या दुकानात असा रंग गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता.

मी आनंदाने टाळी वाजवणार होते, तेवढ्यात दाराची घंटा वाजली. इशबेल आली होती, सोबत तिची होणारी सासू विनिफ्रेड ड्रमंड, आणि दोघींच्या हातांवर पाच किल्ट, इस्त्रीसाठी. नवऱ्या मुलाचा, फिनलेचा, एक आणि त्याच्या मित्रांचे चार. पाचही नवे कोरे, आणि पाचही चिखलाच्या रंगाचे. कारण इशबेलने मोठ्या प्रेमाने आजोबांच्या किल्टचा फोटो विणकराला पाठवला होता आणि हुबेहूब तसंच कापड विणून मागवलं होतं. विणकराने विटलेला रंग इमानेइतबारे विटलेलाच विणून दिला होता.

दोघी टेबलाकडे बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं, भराभरा, एका दमात. विनिफ्रेडबाई शांतपणे ऐकून म्हणाल्या की काम सुंदर आहे, पण फोटोत पाच माणसं एका रंगात आणि मधोमध एक लाल, हे काही बरं दिसणार नाही. आजोबांसाठी तपकिरी भाड्याने आणू, हा नंतर केव्हाही होईल. त्यांनी हे अगदी गोड आवाजात म्हटलं. मी इस्त्री उचलली होती ती खाली ठेवली, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

इशबेलने एका किल्टचा पदर उचलून त्या लाल कापडाशेजारी धरला. मग दुसरा. मला वाटलं, आता ही रडते.

"म्हणजे आजीने हा रंग निवडला होता," ती म्हणाली, "आणि आम्ही उन्हाची नक्कल केली."

"अगं, पण फोटोत..." विनिफ्रेडबाई म्हणाल्या.

"फोटोत मी आजोबांच्या हाताला असेन, आई. फिनलेच्या मित्रांच्या नाही. चूक आमची झालीय, त्यांनी का म्हणून बदलायचं?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मार्सालीमावशी, शनिवारपर्यंत होईल?"

मी म्हटलं, होईल. होईल की नाही हे मला मुळीच माहीत नव्हतं. एरवी मला एका किल्टला चार दिवस लागतात.

पण अडचण नुसती वेळेचीच नव्हती. खुणा सगळ्या टेपने मोजल्यावर लक्षात आलं की ऑयरिकच्या हिशेबाने हा किल्ट कंबरेला चाळीस इंच होत होता. टॉर्किल होता सदतीस. लग्नाच्या वेळी तो बत्तीस होता; पुढे बक्कलं सरकवत सरकवत त्याने तोच किल्ट निभावला होता. म्हातारपणी आठ इंच वाढेल, असा तिने अंदाज बांधला होता. ती होती तोवर तो त्या मापाकडे निघालाही होता. मग ती गेली आणि ह्या गृहस्थाने नऊ वर्षं डब्यातल्या सूपवर काढली. आता मी काय करू? टेपप्रमाणे शिवू की खुणांप्रमाणे? कारागीर म्हणून उत्तर सोपं होतं: गिऱ्हाइकाचं माप. तीन इंच ढगळ किल्ट भर चर्चमध्ये खाली सरकला तर लोक माझं नाव घेतील, ऑयरिकचं नाही.

मी पहिली चुणी टेपप्रमाणे मोडली. टाचली. लांबून पाहिली. मग स्वतःलाच एक शिवी दिली, उसवली आणि पांढऱ्या टाक्यांवर घातली. तिने चौपन्न वर्षांआधी करून ठेवलेलं काम मी तीन इंचांसाठी खोडणार नव्हते. बक्कलं आत सरकवून लावीन, पट्टा शेवटच्या भोकात घालायला लावीन, पण चुण्या तिच्याच. त्यानंतर हात असा चालला की मला माझाच हेवा वाटला. जूनमध्ये आमच्याकडे उजेड सरता सरत नाही. मी खिडकीत बसून शिवत होते आणि रस्त्यावरून जाणारे बोटांनी विचारत होते, किती झाल्या? मी बोटांनीच सांगत होते. सात. अकरा. चौदा.

इकडे गाव निराळ्याच अडचणीत होतं. टॉर्किल पोर्ट रुआचं हवामान गुडघ्यांवरून सांगायचा. सकाळी धक्क्यावर उभा राहायचा, गुडघ्यांना वारा लागू द्यायचा आणि पाऊस किती वाजता ते सांगायचा. होड्यावाले रेडिओपेक्षा त्याला मानायचे. आता तीन दिवस गुडघे रबरात कोंडलेले. शनिवारी ऊन की पाऊस, लोक विचारून थकले. तो एकच उत्तर द्यायचा: पाय बंद आहेत, मार्सालीला विचारा. बोटीतल्या दोन बायकांनी तर त्याला ओळखलंही नाही, नवा माणूस समजून टॉर्किल कुठे आहे म्हणून त्यालाच विचारलं.

शुक्रवारी दुपारी चार वाजता मी शेवटचं बक्कल लावलं आणि त्याला बोलावलं. पडद्यामागून तो बाहेर आला तो मान खाली घालूनच. पट्टा शेवटच्या भोकात होता आणि तरी कंबरेशी दोन बोटं जातील एवढी जागा होती. पण किल्ट बसला. मागे सव्वीस चुण्या लाल-हिरव्या, प्रत्येक चौकट शेजारच्या चौकटीला धरून. मी त्याला आरशासमोर उभं केलं आणि म्हटलं, बघा, आता बघा रंग.

त्याने बघितलं. मला तर राहवेना. मी विचारलं की चौपन्न वर्षांनी हा रंग बघून काय वाटलं.

"चौपन्न वर्षांनी?" तो गोंधळून म्हणाला. "मला तर हा रोज असाच दिसायचा. तुम्हाला काय दिसत होतं?"

मी इस्त्रीकडे तोंड फिरवलं. चटका बसल्याचं सांगितलं, डोळ्यांत पाणी का आलं ते लपवायला. मग त्याला पांढऱ्या टाक्यांची गोष्ट सांगितली आणि ते तीन इंचही सांगितले. चाळीसची कंबर धरली होती तिने, म्हटलं, तुम्ही कमी पडलात. त्याने चुण्यांवरून एकदा हात फिरवला, रबरी पँट बगलेत मारली आणि किल्ट घालूनच घरी गेला. रस्ताभर लोक घराबाहेर येऊन उभे होते. कुणी हसलं नाही.

शनिवारी सकाळी नऊ वाजता त्याच्या दारासमोर निम्मं गाव जमलं होतं, हवामानासाठी. तो उंबऱ्यावर आला, गुडघे वाऱ्यात धरले, डोळे मिटले.

"चारपर्यंत ऊन," तो म्हणाला. "त्यानंतर मंडपात जा."

चर्च आमच्याकडे टेकडीवर. सनईसारखा भरलेला आवाज काढत बॅगपाइप वाजायला लागला आणि चढावर पहिला दिसला तो लाल रंग. तपकिरी किल्टवाले पाच जण दाराशी उभे होते आणि मी पैजेवर सांगते, त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. पांढऱ्या कपड्यातली इशबेल आणि तिच्याशेजारी तो, ताठ, वाऱ्याने चुण्या उडत होत्या आणि त्यांचा रंग नव्यासारखा कोरा. किल्ट एक बोटभरही सरकला नाही. मी चढभर त्या पट्ट्याकडे बघत श्वास धरला होता, तो त्याने नातीचा हात फिनलेच्या हातात दिला तेव्हा सोडला. फोटोच्या वेळी विनिफ्रेडबाईंनीच टॉर्किलला खांद्याला धरून मधोमध ओढलं. मी काही बोलले नाही. आयुष्यात क्वचितच असं होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी पाऊस आला. मंडपात जेवणं चालली होती. मी माझं ताट घेऊन टॉर्किलच्या समोर बसले आणि बघते तर काय, ज्याला नऊ वर्षं अर्धी वाटी सूप पुरायचं तो मटणाचं दुसरं ताट पुसून खात होता. बटाटे संपले. मग मनुकांचं गरम पुडिंग आलं, त्याचा मोठा तुकडा घेतला, त्यावर साय ओतून घेतली. तोही संपला. वाढणारीला त्याने पुन्हा हाक मारली.

मी म्हटलं, अहो, जरा बेताने, उद्या पोट धराल.

त्याने चमचा खाली ठेवला नाही. डाव्या हाताने पट्ट्यात दोन बोटं घालून ती रिकामी जागा मला दाखवली.

"अजून तीन इंच आहेत, मार्साली," तो म्हणाला. "तिने धरलेत, तर भरायला नकोत?"

आणि त्याने ताट पुढे केलं.